ताईंच्या हॉटेलातला रविवार

एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर, दर रविवारी सकाळी बावीस वर्षं बसलं की दोन गोष्टी आपोआप वाढतात. पोट आणि किस्से! पोटाचं सोडा, त्यावर घरी रोज चर्चा होते. किस्से ऐका.

हॉटेल कर्वेनगरात. आठ टेबलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि बाहेर रांग. मालकीण सुनंदाताई. पांढरा अ‍ॅप्रन, कमी शब्द. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त: विलास, मंजूषा, सुधीर आणि मी. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला आधी ताईंची मिसळ खाऊ घालतो. शनिवारवाडा काय, तो कुठे पळून जात नाही.

*

एकदा एका तरुणानं मेनूकार्ड उलटंपालटं करून विचारलं, "चीज मिसळ नाहीये?"

"आहे ना," ताई म्हणाल्या.

"कुठे?"

"चौक ओलांडला की डावीकडे."

तो बिचारा साधी मिसळ खाऊन बघू म्हणाला. रस्सा तीनदा मागून घेतला! जाताना कबूल केलं, "चीजची खरंच गरज नव्हती."

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कळायला वेळ लागला."

*

विलासचं घराणं इथलंच, शेतकऱ्याचं. आज हॉटेल आहे तिथे त्याच्या आजोबांची ज्वारी उभी असायची. तो एम.कॉम. झाला, पण बोलणं बदललं नाही. "कशाला बदलू? बिघडलंय का?" म्हणतो.

एका रविवारी जागा नव्हती म्हणून एक आयटीवाला मुलगा आमच्या टेबलावर येऊन बसला. विलासचं बोलणं ऐकून त्यानं मोठ्या प्रेमानं विचारलं, "काका, पुण्यात कधी शिफ्ट झालात?"

विलासनं तोंडातला वडा सावकाश संपवला.

"मी कुठं आलोय? मी हितंच हाय. पुणं शिफ्ट झालं माझ्याकडं!"

*

मंजूषा शाळेत गणित शिकवते. तिच्या आवाजाची आम्हालाही भीती वाटते.

शेजारच्या टेबलावर एक धिप्पाड गृहस्थ फोनवर ओरडत होते. गळ्यात साखळी, समोर दोन मोबाइल, साइटवरच्या कुणाची तरी हजेरी चाललेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मंजूषानं मागे वळूनही न बघता फक्त म्हटलं, "आवाज!"

गृहस्थ फोन बंद करून ताडकन उभे राहिले. "सॉरी, बाई!"

दहावी ब! आणि ते एकटे नव्हते. आणखी तिघं उभे राहिले होते. तिघंही वेगवेगळ्या टेबलांवरून!

*

सुधीर सरकारी नोकरीत. हल्लीच मोठ्या हुद्द्यावर गेला. एका रविवारी पाहणीला जायचं होतं म्हणून एक नवीन कनिष्ठ अधिकारी त्याच्याबरोबर आले. आम्ही तिघं आत बसलो होतो. ते अधिकारी रांग सोडून थेट काउंटरशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब आलेत. जरा टेबलाचं बघा."

ताईंनी बाहेर नजर टाकली. "रांगेत सगळे साहेबच आहेत. तुमचे कुठले?"

अधिकारी वळले. साहेब रांगेच्या शेवटी उभे होते आणि तिथूनच हाका मारत होते, "अहो, लवकर या! तुमचा नंबर जाईल!"

त्याला बढती मिळाली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले होते. छाती फुगली ती मात्र त्या दिवशी.

*

आता शेवटचा. हा आम्ही बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही. परवा ताईच म्हणाल्या, "सांगा की. त्यात काय लपवायचं?"

साथीच्या वर्षी ताईंना ताप आला. ताप गेला, आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. मीठ, तिखट, गूळ, सगळं सारखंच लागायचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हॉटेल पुन्हा उघडलं आणि पहिल्याच रविवारी रस्सा खारट झाला. पुढच्या रविवारी मीठच नव्हतं. लोक न बोलता खाऊन गेले, पण रांग छोटी झाली.

तिसऱ्या रविवारी मंजूषा उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती डोळे पुसत.

"ताई हॉटेल बंद करणार होत्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुमची जीभ बरी होईपर्यंत माझी वापरा."

दुसऱ्या दिवसापासून मंजूषा शाळेच्या आधी, सकाळी सहाला स्वयंपाकघरात हजर. ताई रस्सा करायच्या, ही पळीभर चाखून सांगायची, "चिमूटभर मीठ. गूळ पुरे." एक दिवस खाडा नाही. रांग पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली. ताई रोज एक चमचा स्वतः चाखून बघायच्या आणि मान हलवायच्या. नाही.

असे पाच महिने गेले. एकदा मंजूषाची स्कूटर बिघडली म्हणून मी तिला सोडायला गेलो. पातेलं उकळत होतं. मंजूषानं चाखलं. "छान झालंय, ताई. उतरवा."

ताईंनी आपला चमचा तोंडात घातला. थांबल्या. पुन्हा एक घेतला.

"मीठ कमी आहे."

"नाही हो, बरोबर आहे," मंजूषा सवयीनं म्हणाली.

"कमी आहे म्हणते ना मी!" ताई कडाडल्या. "मला शिकवतेस?"

मंजूषानं पळी खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी मिठाचा डबा उचलून ताईंच्या पुढे धरला.