जयराम दलालाचे खालचे चार दात

मखमलाबादच्या जयराम दलालाने उभ्या जन्मात बैलांचे जेवढे ओठ ओढले, तेवढी माणसांची तोंडंसुद्धा नीट पाहिली नसतील. बैलबाजारात खालचा ओठ अंगठ्याने ओढायचा, दातांवरून वय ओळखायचं आणि "चार दाती हाय, घ्या डोळे झाकून," असं सांगून मोकळं व्हायचं. त्याच्या शब्दावर व्यवहार होत. अशा माणसाला २००६ साली स्वतःच्याच हिरड्यांनी दगा द्यावा, आता बोला!

दोष त्याचाच. चाळीस वर्षं राखुंडीने दात घासले, तेही करपलेलं पातेलं घासावं तसे. हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, खालचे पुढचे चार दात डुगडुगायला लागले. दुखण्याचं त्याला काही नव्हतं. भीती होती सावळीरामची. हा बाजारातला दुसरा दलाल, जयरामचा तीस वर्षांचा वैरी. त्याने चहाच्या टपरीवर पसरवलंच होतं, "जयराम उतरला आता. सोताचं तोंड पडलं, त्यो दुसऱ्याचं काय बघतो?" आणि उतरलेल्या दलालाला बाजारात कुत्रं विचारत नाही.

गंगापूर रोडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बाबा, हात फार जड आहे तुमचा. सेलवर चालणारा ब्रश घ्या, मऊ केसांचा. दोन मिनिटं नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. नाहीतर दिवाळीपर्यंत हे चार गेलेच समजा."

जयराम बायकोला, शकुबाईला घेऊन तसाच शेजारच्या दुकानात शिरला. कुंदन नावाच्या दुकानदाराने तीन ब्रश मांडले. एक चार्जिंगचा, उभा करायच्या खुंट्यासकट, त्या किमतीत शेळी आली असती. दुसरा मऊ केसांचा, संथ, किंमत मधली. तिसरा सगळ्यांत स्वस्त. त्याचं बटण दाबलं तर तो थरथरत काउंटरवरून खालीच पडला.

जयरामने भाव विचारला नाही. खांद्यावरचं उपरणं काढून कुंदनच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबायला लागला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलतच नाहीत. उपरण्याखाली बोटांनी बोलतात, चार लोकांना कळू नये म्हणून. कुंदनला हे कुठून ठाऊक असणार? तो किंचाळलाच, "ओ बाबा, हात सोडा!"

"हळू बोल," जयराम कुजबुजला, "भाव फुटंल." दुकानात चौथं माणूस नव्हतं.

मग बैलाच्या अंगावर बघतात तसा ब्रशच्या केसांत अपशकुनी भोवरा आहे का ते त्याने पाहिलं. मग म्हणाला, "तोंडात चालवून बघू दे."

"एकदा तोंडात घातला की तुमचा झाला, बाबा."

"मंग ह्यो दे. ह्याच्यात पाणी हाय," म्हणत त्याने खाली पडलेला उचलला. "त्यो मऊवाला म्हातारा वाटतो."

"आवं, बाई मऊ म्हणाल्या व्हत्या," शकुबाईने कोपर मारलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

आठ दिवस सकाळी अख्ख्या गल्लीला घरघर ऐकू येई आणि मोरीत लाल पाणी वाहे. नवव्या दिवशी शकुबाईचा संयम सुटला. "कोवळ्या मेथीत कोळपं धरायला तापट बैल जुंपाल का वो? नाय ना? मंग हिरडी काय खडकाळ रान हाय?"

जयरामने ब्रशचं बटण बंद केलं. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला जनावरातलं कळतं हे त्याला मान्य करावं लागलं, आणि ते त्याला हिरडीपेक्षा जास्त झोंबलं.

तो ब्रश परत द्यायला गेला. खोड निघाली तर जनावर परत घ्यायचं, ही बाजाराची रीत. कुंदनने कपाळाला हात लावला. "बाबा, उष्टा ब्रश कोण घेईल?"

"आमच्यात वैरण खाल्लेला बैल परत घेत्यात!"

शेवटी जयरामने मऊ ब्रश घेतला, तोही तोंडाने भाव बोलून. त्याला फार लाज वाटली. तापट ब्रश दारच्या बैलांची शिंगं घासायला लागला. आणि रोज सकाळी जयराम ओट्यावर डोळे मिटून मऊ ब्रश टेकवी, हात जड झाला की आतून शकुबाई ओरडे, "सैल सोडा!"

दिवाळीआधीच्या बाजारात सावळीरामने भर गर्दीत डिवचलं, "जयराम, उघड की तोंड! बघू दे लोकांना."

जयरामने तोंड उघडलं. सावळीरामचा अंगठा त्याच्या खालच्या ओठावर आला आणि जयरामच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपण हजारो मुक्या जिवांना असंच धरलं, आणि तेही किती जोरात! सावळीरामने चारही दात हलवून पाहिले. एकही हलला नाही.

"जुळलेला हाय!" सगळे दात पक्के आलेल्या बैलाला म्हणतात तसं कुणीतरी ओरडलं आणि बाजार हसून लोळला.

सावळीराम हसला नाही. त्याने आपलं उपरणं जयरामच्या हातावर टाकलं. लोकांना वाटलं, सौदा चाललाय. उपरण्याखाली त्याची बोटं थंडगार होती. ओठ न हलवता तो पुटपुटला, "त्यो ब्रश... केवढ्याला?"

तेव्हा कुठे जयरामला त्याचा सुजलेला डावा गाल दिसला. त्याने बोटं दाबून खरा भाव सांगितला, एक पैसा न चढवता. पण मऊ घे, दाबू नको, हे सांगायला बाजारात खूणच नव्हती. मग उपरण्याखाली जयरामने वैऱ्याचा तळहात अंगठ्याने हळूहळू कुरवाळला, चांगली दोन मिनिटं.