कुवैतला निघालेल्या चिठ्ठ्या

लतीफ बहारीनमधल्या सलमाबादच्या एका लाँड्रीत खिसे तपासायचा. हे काय काम झालं, असं गावाकडचे हसून विचारत. खिशात राहिलेलं एक बॉलपेन मशीनभर कपड्यांना निळे डाग पाडतं, हे त्यांना कोण सांगणार? खिशात मिळेल ते छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, कपड्याचा नंबर लावायचा आणि धुतलेल्या कपड्याबरोबर परत पाठवायचं, हा लाँड्रीचा नियम होता. दहा वर्षांत लतीफने तो एकदाही मोडला नव्हता.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवैतमध्ये शिरलं आणि त्याचा धाकटा भाऊ वकार तिथे अडकला. बाकीचे आपले लोक मिळेल त्या बसने, ट्रकने जॉर्डनमधलं अम्मान गाठून घरी गेले. वकारचा मालक मात्र बायकापोरांसह आधीच पसार झालेला. वकारचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, आणि घराची किल्ली वकारच्या हातात. झालं, बसला राखण करत! फोन बंद, टपाल बंद. आईच्या मनाविरुद्ध त्याला ड्रायव्हरच्या व्हिसावर तिकडे धाडलं होतं लतीफनेच, त्यामुळे त्याला अन्न गोड लागेना.

मग दोस्त राष्ट्रांच्या फौजा बहारीनमध्ये उतरल्या आणि लाँड्रीची भरभराट झाली. अमेरिकन, इंग्रज, आणखी कोण कोण. छातीवरच्या पट्ट्या वेगळ्या, घामाचा वास एकच. रेडिओ म्हणायचा, कुवैत सोडवायला इतकी राष्ट्रं एक झाली आहेत. ती राष्ट्रं रोज लतीफच्या टेबलावर येऊन पडत.

आखातातल्या आपल्या माणसांची एक रीत आहे. कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत चिठ्ठी, औषध, अत्तराची बाटली कोंबायची. तो आपल्या गावचा नसला तरी चालतं. तो एस.टी. स्टँडवर दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि वस्तू बरोबर घरी पोचते. लतीफच्या साध्या डोक्यात हेच आलं. हे लोक कुवैतला निघालेत. वर एकमेकांचे दोस्त. कुणी ना कुणी पोचवेलच की!

लाँड्रीची व्हॅन चालवणारा शिवदास संगमेश्वरचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. त्याने इंग्रजीत बारा चिठ्ठ्या लिहून दिल्या. वकारचं नाव, मोठ्या मशिदीमागची तिसरी गल्ली, पिवळं घर. शोधायला सोपं जावं म्हणून लतीफने स्वतःहून एक खूण सांगितली: गच्चीवर हिरवी पाण्याची टाकी. खाली, मिळाल्यास भावाला कळवावे. चिठ्ठ्या त्याने धुतलेल्या कपड्यांच्या खिशात सरकवल्या आणि तेवढ्यावर त्याला जरा बरं वाटलं. गावी पत्रातही त्याने ते कळवून टाकलं.

जानेवारीत लढाई पेटली. विमानं कान फाडत उत्तरेकडे जात, तेव्हा लतीफ हात थांबवून त्यांच्यासाठी दुवा मागायचा. आठवडाभराने एका हिरव्या डगल्याच्या खिशात त्याचीच चिठ्ठी निघाली. मागे इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तो धावतच शिवदासकडे गेला.

शिवदासने वाचलं आणि तो घुटमळला. "लिवलंय, माफ कर दोस्ता. आमी तिथं उतरत नाय, फक्त वरनं जातो."

"म्हंजे?"

"लतीफभाय, आपण मानसं चुकलो. आपल्याकडं कपडे येतात ते विमानवाल्यांचे नि बोटवाल्यांचे. चालत आत शिरनारी फौज तिकडं सौदीच्या रेतीत बसलीय. तिचे कपडे इथं येतच नाय."

"पन सगले एकाच बाजूचे ना?"

"बाजू एक, कामं येगळी. बोटवाले दर्या अडवतात, ते रेतीतले जमीन घेनार, आनि हे..." शिवदासने नुसतं वर बोट केलं.

लतीफला गच्चीवरची हिरवी टाकी आठवली. बॉम्ब टाकणाऱ्याला वरून पहिली दिसणार ती तीच! त्या दिवशी त्याने प्रथमच नियम मोडला, ती चिठ्ठी फाडून टाकली. पण उरलेल्या अकरांचं काय करणार? त्या कुणाच्या खिशात, कुठल्या आभाळात होत्या, अल्ला जाणे. आणि विचारणार कुणाला? खिसे तपासणाऱ्या माणसाला कुठली फौज दारात उभं करते?

फेब्रुवारी सरता सरता कुवैत सुटलं. सलमाबादेत मिठाई वाटली गेली. एप्रिलमध्ये तिकडून आलेल्या चिपळूणच्या एका मेकॅनिकने सांगितलं, तिसऱ्या गल्लीत पिवळ्या घराच्या जागी ढिगारा आहे. जाता जाता इराक्यांनी पाडलं की वरून कुणी, ते सांगायला गल्लीत माणूस नव्हता. वकारचं नाव ना मेलेल्यांत होतं, ना जिवंतांत. लतीफच्या डोक्यात त्या अकरा चिठ्ठ्याच फिरत राहिल्या. कुणी म्हणालं असतं, एका चिठ्ठीने काय होतंय. पण त्याच्या मनाला ते पटलं नसतं.

त्याच आठवड्यात गावाहून पत्र आलं. अक्षर बायकोचं, आमिनाचं, पण बोल आईचे.

"लतीफ, वाडीत सगल्यांना सांगितलाय, माझ्या मोठ्यान् फौजेला धाकट्याचा पत्ता दिलाय. टाकीची खून पन दिलीय. आता मना घोर नाय. येवढी राज्यं शोधतायत, तर गावंल माझा वकार."

दोन दिवस लतीफ कोरा कागद पुढ्यात घेऊन बसला. मग त्याने एकच ओळ लिहिली.

"होय आई, शोधतायत."