डिसेंबरातलं उत्तरेचं ऊन

शरयू दिघे पुण्यात होती तेव्हा जुन्या देवळांचे फोटो काढायची आणि ते तिच्या नावानिशी छापून यायचे. अमेरिकेत प्लेनोत आली आणि संपलं सगळं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरीची परवानगी नाही म्हणे! मग ढोकळे करा, ज्यानं त्यानं डबा आणायच्या पॉटलकला न्या आणि ‘तू दिवसभर घरी करतेस काय गं?’ या प्रश्नावर दात काढा. चार वर्षं दात काढून तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी ती जवळच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागली. फुकटात राबायला सरकारची हरकत नव्हती.

तिथे तिला एडना व्हिटकोम भेटल्या. वय नव्वदीचं, जीभ कात्रीसारखी. तरुणपणी भात्याचा लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून ही बाई ग्रीसमधली देवळं टिपत एकटी हिंडली होती. तिचा एक फोटो कॉलेजच्या एका पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं छापला जात होता. अथेन्सचं पार्थेनॉन, पश्चिमेकडची खांबांची रांग, डिसेंबरातलं दुपारचं ऊन उजवीकडून, म्हणजे दक्षिणेकडून आलेलं. खाली तिचं नाव नाही. ते एक वेळ सोडा. पण मेल्यांनी फोटोच उलटा छापला होता, उजव्याचं डावं करून! खांब दोन्हीकडून सारखेच, कुणाला पत्ता लागणार? ऊन तेवढं उत्तरेकडून आल्यासारखं दिसत होतं.

“डिसेंबरात उत्तरेला सूर्य!” एडना म्हणायच्या. “आणि एवढ्या प्रोफेसरांपैकी एकालाही दिसलं नाही.”

त्यांनी प्रकाशकाला पत्रं लिहिली, पण मूळ निगेटिव्ह त्यानंच हरवलेली, मग पुरावा कुठून आणायचा? शरयूला तर आपलाच अपमान झाल्यासारखं वाटलं. तिनं फोन करकरून त्या ऑफिसचं डोकं खाल्लं. अखेर २००५च्या डिसेंबरात संपादक वैतागून म्हणाला, नवी आवृत्ती छापायला चाललीय. त्याच बाजूनं, त्याच उन्हातला फोटो सोमवारपर्यंत दाखवा. फोटो सुलट करतो, नावही घालतो. सोमवारनंतर मात्र विसरा.

आता अथेन्सला जायचं कसं? ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, आणि देशाबाहेर पाऊल टाकू नका असं वकिलानं बजावलेलं. पण टेनेसीत नॅशव्हिलला त्याच देवळाची सिमेंटची प्रतिकृती आहे, तेवढीच मोठी, पूर्व-पश्चिम तशीच. ऊनही जवळपास तसंच पडणार.

एडनांनी आपला जुना कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. “मरायच्या आधी एकदा ते सुलट बघू दे गं,” त्या म्हणाल्या. दुसरं काही मागितलं नाही.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नवऱ्यानं, शैलेंद्रनं, गाडी काढली. “वीकेंड गेला यार,” असं कुरकुरत का होईना, नेलं बिचाऱ्यानं. शनिवारी दुपारी देवळासमोर पोचले, तर लख्ख ऊन, आणि तेही उजवीकडून! शरयूनं ट्रायपॉड रोवला, काळं कापड डोक्यावर घेतलं, काचेवर नेम साधला. फिल्म आत सरकवली. आता फक्त कळ दाबायची.

आणि ही बया चालायला लागली!

अहो, सवय! पुण्यात तिनं कुठल्याही देवळाचा फोटो प्रदक्षिणा घातल्याशिवाय काढला नव्हता. आधी देवळाभोवती एक फेरी, मग कॅमेरा. देव कोणता हे तिनं कधी विचारलंच नाही. फिरता फिरता एकेका खांबाला हात लावत, पायऱ्यांवरून नजर फिरवत ती रमली. चार वर्षांनी पहिल्यांदा ती कामावर होती. पुन्हा समोर येते तो काय, ऊन गायब. पश्चिमेकडून ढग चढून आलेले. तिनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी ढगाळ उजेडातच कळ दाबली. रविवारी दिवसभर पाऊस. दैव देतं नि कर्म नेतं, दुसरं काय!

“अगं, आधी फोटो काढायचास, मग हवं तेवढं फिरायचंस ना!” शैलेंद्र गाडीत एवढंच म्हणाला.

सावली नसलेला फोटो संपादकानं पाहिलादेखील नाही. सोमवारी संध्याकाळी शरयू वृद्धाश्रमात गेली. ऊन पडलंच नाही असं खोटं सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण त्या डोळ्यांना उन्हाबद्दल खोटं सांगायचं कुणी? तिनं घडलं ते सगळं सांगितलं.

“बरं,” एडना म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यानंतर त्यांनी पेपर वाचून घेतला नाही. नाताळाच्या आधीच त्या गेल्या.

प्लेनोच्या स्थानिक पेपरात त्यांच्यावर अर्धं पान आलं. वृद्धाश्रमातल्या बाईनं ते शरयूसाठी मुद्दाम जपून ठेवलं होतं. मधोमध तो फोटो, पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचललेला. आणि त्याखाली, जन्मात पहिल्यांदा, ठळक अक्षरांत ‘छायाचित्र : एडना व्हिटकोम’. ऊन उत्तरेकडून.

शरयूनं घरी येऊन ते पान स्वयंपाकघराच्या खिडकीवर पालथं धरलं. काचेतून उजेड आला आणि मागच्या पानावरच्या गाड्यांच्या जाहिरातीतून देऊळ दिसलं. ऊन उजवीकडून, अगदी हवं तसं. पण खालचं नाव उलटं झालं, वाचता येईना. तिनं पान फिरवलं. नाव आलं, ऊन गेलं. पुन्हा फिरवलं. शैलेंद्र ऑफिसातून आला तेव्हाही ती खिडकीपाशी उभी राहून ते पान फिरवत होती आणि ढसाढसा रडत होती.