चुकीच्या गणिताखालची माझी सही

महापालिकेच्या शाळेत शिकवते म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तुमची मुलगी कुठल्या शाळेत?" मी खरं ते सांगते. घर वर्तकनगरला, नोकरी कल्याणला, आणि मुलगी ठाण्यातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत. समोरचा गालातल्या गालात हसतो. पूर्वी या हसण्याने माझं डोकं फिरायचं. आता फिरत नाही, आणि त्याचं श्रेय गजरे विकणाऱ्या एका बाईंना आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. ऐन दुसऱ्या सत्रात मतदारयादीचं काम गळ्यात पडलं. शाळा सुटली की दारोदार फिरायचं, आणि टेबलावर वह्यांची चळत वाढतच चाललेली. एका शनिवारी मी ती चळत अर्ध्या तासात संपवली. कशी, ते सांगायला लाज वाटते. पान उघडायचं, लाल पेनने बरोबरच्या खुणा ओढायच्या, सही ठोकायची, पुढची वही.

पुढच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. आमच्या शाळांना ही समिती असावीच लागते आणि तिच्यात पालकच जास्त असतात. एरवी पाण्याची टाकी, खिचडी, फुटलेली खिडकी असे विषय होतात, चहा होतो, सह्या होतात. त्या दिवशी समितीतल्या एक आई पिशवीतून वही काढून उभ्या राहिल्या. त्या स्टेशनजवळ गजरे विकायच्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

"बाई, माझ्या टोपलीत बावन्न गजरे हायेत. अठ्ठावीस गेले. मग छत्तीस कसे उरले?"

मी वही बघितली. वरच्या दोनातून खालचे आठ जात नाहीत, म्हणून पोरीने सरळ आठातून दोन वजा केले होते. हातच्याची वजाबाकी तिला कळलीच नव्हती. खाली तशीच आणखी पाच गणितं. सहाच्या सहा चूक, प्रत्येकावर माझी लाल खूण, आणि शेवटी माझी झोकदार सही.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मदतीला धावल्या. "अहो, त्यांना निवडणुकीचं काम होतं ना, किती धावपळ..." माझ्याही ओठांवर तेच होतं. ते खोटंही नव्हतं. सगळी सभा मान डोलवायला तयार होती.

पण महिन्याभरापूर्वीच मी मुलीच्या शाळेच्या गेटवर उभी होते. तिथे वर्षभरात गणिताच्या तीन टीचर बदलल्या होत्या. का, एवढंच मला विचारायचं होतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, अ‍ॅपवर टाका." अ‍ॅपवर टाकलं. आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. मी शिकलेली, स्वतः शिक्षिका, पण मला उत्तर द्यायला एक जिवंत माणूस समोर आलं नाही. घरी येऊन मी भांडी आपटली होती.

आणि इथे चौथी शिकलेल्या या बाई माझ्या डोळ्यांत बघून उत्तर मागत होत्या. निवडणुकीचं कारण पुढे करून मी त्यांना माझं अ‍ॅप दाखवणार होते का?

"ताई, मी वही तपासलीच नाही," मी म्हटलं. "नुसत्या खुणा केल्या. चूक माझी आहे."

मोठ्या बाई इतिवृत्तात 'गणित विषयावर चर्चा झाली' असं लिहायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि बोलले ते तसंच लिहायला लावलं. सभेनंतर त्या चिडल्या. "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? उद्या वरच्यांनी वाचलं तर?"

"वाचू दे," मी म्हटलं.

निम्म्या वर्गाला ही वजाबाकी येत नव्हती, हे मला त्यानंतर कळलं. आमची शाळा चौथीपर्यंतच. तीन महिन्यांत ही पोरं दुसऱ्या शाळेत जाणार, आणि तिथे कुणी मागे वळून शिकवणार नाही. मी रोज पाऊण तास आधी वर्ग घ्यायला लागले. दहा काड्यांची जुडी सोडायची, सुट्या काड्यांत मिसळायची, मग वजा करायचं. पुन्हा पुन्हा, हात दुखेपर्यंत. मतदारयादीही चालूच होती.

पुढच्या सभेला त्या आईंनी मला बोलूच दिलं नाही. "बाई नको, पोरं सांगतील." त्यांनी स्वतःची मुलगी नाही निवडली. वर्गात जाऊन सगळ्यात मागे बसणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीला फळ्यापाशी आणलं आणि एकाहत्तरातून चौतीस घालवायला सांगितलं. तिने सातावर काट मारून सहा लिहिले, एकाचे अकरा केले, आणि सावकाश उत्तर मांडलं. सदतीस.

टाळ्या पडल्या. त्या आईंनी मात्र वाजवल्या नाहीत. वहीचं पान उलटून म्हणाल्या, "बरं. आता भागाकाराचं काय?"

सगळे हसले. मी ताठ उभी होते. मला विचारणारं कुणी आहे, आणि मी उत्तर द्यायला समोर आहे, याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.