लेकीसाठी पाहिलेलं बेट

अंदमानला लोक फिरायला जातात. आम्ही घर पाहायला गेलो होतो, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही. आमच्या वऱ्हाडात लेक द्यायची तर आधी पोराकडचं बघून यायचं असतं. घर, गोठा, विहीर, शेजार, सगळं. आता पोरगा वनखात्यात, नेमणूक समुद्रातल्या बेटावर, म्हणून काय न बघताच द्यायची? आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर, आणि गावात एकानंही दर्या पाहिलेला नव्हता. त्या गावातले आम्ही नवरा, बायको आणि लेक नागपूरहून विमानात बसलो, ते काही हौसेनं नाही.

पोरगा आमच्याकडचाच, मूर्तिजापूरचा. अकोल्यात शिकला, सेमाडोहच्या जंगलात काम केलं, आणि मग थेट अंदमानात कासवं सांभाळायला लागला. माझी लेक अकोल्यात नोकरीला होती, तिथली त्यांची ओळख. जात-कूळ, घरदार, सगळं बसत होतं. तिनं मला सांगितलं, मी तिच्या बापाला सांगितलं. ते म्हणाले, "पाहू." पुढं दिवाळी गेली, तुरी निघाल्या, तरी त्यांचं आपलं 'पाहू'च. लेकीनं मला एकच सांगून ठेवलं होतं, "बाबा हो म्हनतीन तर करीन. नाई म्हनतीन तर हेबी नाई न् दुसरंबी नाई." तिशीला टेकलेली पोरगी ती, आणि हट्टाला बापावर गेलेली. तिचा सगळा जन्म एका 'हो'वर अडला होता, आणि तो 'हो' ज्याच्या तोंडात होता तो माणूस ताकास तूर लागू देत नव्हता.

शेवटी कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी होऊन वावर मोकळं झालं, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "चाला, पाहून येऊ."

घर पाहायला जाण्याचेही कायदे असतात आमच्यात. पाणी प्यावं, चहा घ्यावा. पण पसंती सांगितल्याशिवाय त्या घरी जेवायचं नाही. जेवलात म्हणजे सोयरीक झाली, मग मागं फिरता येत नाही. आणि एकदा लेक दिली की मग बापानं तिच्या घरी जेवायचंच नाही. आमचे सासरे तर लेकीच्या गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा पीत नसत, घरून कळशी न्यायचे. तेव्हा मी पिशवीभर दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. यांनी पिशवी हातात उचलून पाहिली आणि आणखी दशम्या टाकायला सांगितल्या. तेव्हाच मला शंका आली. ज्याला हो म्हणायचं असतं तो एवढी शिदोरी कशाला नेईल?

लेक म्हणाली, मीही येते. हे म्हणाले, "पोरगी कदी घर पाह्यले जाते काय?" ती म्हणाली, "राह्यचं मले आहे." यांनी तिसरं तिकीट काढलं.

पोर्ट ब्लेअरला पोरगा जीप घेऊन उभा. त्यानं वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "काका, माह्यं घर पार वरच्या टोकाले आहे, दिगलीपूरले. पण निस्तं घर पाहून काय करता? माह्यं वावर पाहा. रस्त्यानं जाऊ, किनाऱ्यावरची सगळी उद्यानं दाखवत नेतो." मला तो तिथंच आवडला. यांनी फक्त जीपचे टायर पाहिले.

पहिलं उद्यान वंडूरचं, समुद्रातलं. काचेच्या तळाची होडी असते, त्यातून खाली पोवळी दिसतात, निळे-पिवळे मासे दिसतात. होडीत बसायच्या आधी यांनी दशम्यांची पिशवी काठावरच्या दगडावर ठेवली, वर आपला रुमाल टाकला. पूर्णेच्या काठावर आम्ही जन्मभर असंच ठेवत आलो. नदीला पूर आल्याशिवाय ती काही दगडावर चढत नाही. होडीतून परत आलो तर दगडच नाही! पाणी कुठल्या कुठं वर आलेलं, आणि दूरवर आमचा रुमाल तरंगतोय. पोरगा बिचारा वरमला. "काका, भरती आली. सांगाचं राह्यलं माह्याकून."

"रोजच येते काय हे?" यांनी विचारलं.

"रोज दोनदा."

"कोनाले न इचारता?" हे म्हणाले, आणि समुद्राकडं पाठ करून जीपमध्ये जाऊन बसले. मी म्हटलं, बरं झालं, आता तरी हा माणूस पोराच्या हातचं जेवेल. कशाचं काय! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रस्त्याच्या टपरीवर केळी घेतली, शहाळं घेतलं, तेच खाल्लं. पोरानं डबा उघडला की हे उठून झाडं बघायला जायचे. लेक जेवायला बसायची, पण तिचंही ताट अर्धं तसंच राहायचं. मी मात्र जेवले. पसंती सांगायची होती ती बापानं, मी नाही, आणि पोराच्या हाताला चव होती.

दुसऱ्या दिवशी बारातांगकडं निघालो. मधल्या राखीव जंगलातून गाड्या रांगेनं सोडतात, काच खाली करायची नाही, थांबायचं नाही. मग एक खाडी लागते. तिथं जीपसकट बोटीवर चढायचं. पलीकडं खारफुटीचं जंगल. लाकडी पुलावरून आत चालत जाता येतं, खाली खारं पाणी आणि त्यात मुळं रोवून उभी झाडंच झाडं. यांनी कठड्यावरून वाकून ते पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखलं. मग पानं चोळून पाहिली. आमचा सगळा पट्टा खारपाणाचा आहे. विहीर खणावी तर खारं पाणी लागतं, पिकाला दिलं की जमीन पांढरी पडते. या माणसाची उमर त्या मिठाशी भांडण्यात गेली. ते पुलावर उभे राहून पोराला विचारू लागले. एवढ्या मिठात हे झाड जगतं कसं, मीठ टाकतं कुठं, बी कसं रुजतं. पोरगा सांगत होता, हे ऐकत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याला 'बेटा' म्हटलं. पुढं रंगतजवळच्या किनाऱ्यावरच्या उद्यानात तर दोघं ओंडक्याच्या बाकावर बसून रानडुकरांवर बोलत बसले, आणि आम्ही मायलेकी समुद्र पाहत त्यांच्याकडं कान लावून.

जीपमध्ये मला वाटलं, आता हे हो म्हणणार. आणि तरी एक जुनी, वेगळीच भीती जात नव्हती. ती वर्षंच तशी होती. आमच्या भागात कुठल्या घरातून कधी रडण्याचा आवाज येईल याचा नेम नव्हता. धडधाकट माणसं, कालपर्यंत चौकात पत्ते खेळणारी. बायका विहिरीवर उघड बोलत नसत, पण एकमेकींच्या नवऱ्यांवर नजर ठेवून असत. मीही ठेवायची. फवारणीचं औषध मी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवायची, आणि यांनी कधी विचारलं नाही की तिथं का. वावरातून यायला यांना उशीर झाला की मी काही तरी निमित्त काढून धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत जायची.

दिगलीपूरच्या पुढं पोराचा किनारा. तिथं त्याचं खरं काम. रात्री कासविणी वाळूत येऊन अंडी घालतात, ती उचलून कुंपणाच्या आत नीट पुरायची. आत पाहतो तर काय, ओळीनं खड्डे, दोन खड्ड्यांत सारखं अंतर, प्रत्येकाशी एक काडी. आमच्याकडं सरकी अशीच ओळीनं एकेक दाबून टोबतात, त्यामुळं हे बघून यांची कळी खुलली. "हे तर कपाशी टोबल्यावानी आहे बे," ते म्हणाले. "उगवन किती होते?" पोरानं सांगितलं. "न् राखन?" पोरगा म्हणाला, कुत्री येतात, घोरपडी येतात, म्हणून मोसमभर तो आणि त्याची माणसं वाळूवरच झोपतात. "म्हन्जे जागली करता," हे म्हणाले. वावरात मचाणावर रात्र काढून पीक राखणं म्हणजे जागली. आमच्याकडं ज्याला जागली येत नाही त्याला शेतकरी म्हणत नाहीत. संध्याकाळी पिल्लं सोडायची होती. पोरानं यांच्या हातात टोपली दिली. तळहाताएवढी पिल्लं वाळूवरून फरफटत गेली, लाट आली, घेऊन गेली. हे कितीतरी वेळ वाकूनच उभे होते.

मग त्याच्या क्वार्टरवर आलो. पोरानं स्वतः रांधलेलं. ज्वारीचं पीठ घरून मागवलेलं, त्याच्या भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. पाट मांडला, ताट वाढलं. आम्ही तिघंही यांच्या तोंडाकडं पाहतोय.

हे म्हणाले, "मले भूक नाई."

माझं डोकंच फिरलं. पोराच्या देखत मी म्हटलं, "आता पुरे झालं. पोट्ट्यात खोट काय आहे ते सांगा. घर पाह्यलं, वावर पाह्यलं, जागली पाह्यली. अजून काय पाह्यचं आहे तुमाले?"

"पोट्टा सोन्यावानी आहे," ते म्हणाले. "त्याच्यात काई खोट नाई."

"मंग काहून?"

यांनी ताटावरून नजर काढली. मग भिंतीकडं पाहत म्हणाले, "विमान, बोट, जीप. तीन दिवस लागले आपल्याले. माह्यं काई बरंवाईट झालं तर हे पोचन कदी? तीन दिवस कोन ठेवते मानसाले?"

पोरगा मान खाली घालून बसला.  मी ट्रंकेला कुलूप लावत होते, धुऱ्यापर्यंत जात होते, आणि हा माणूस मनात त्या दिवसाचे हिशोब करत बसला होता. मला वाटलं, आता पोरगी रडेल. ती रडली नाही. ती यांच्यासमोर येऊन खाली बसली.

"बाबा, मी दर शनिवारी अकोल्याहून घरी काहून येत होते, माईत आहे?"

"आईची आठवन येते म्हनून."

"आईची नाई. तुमी आहात का, ते पाह्यले." तिचा आवाज जराही हलला नाही. "यष्टीतून उतरलं की पह्यले आपल्या घरापुढं गर्दी आहे का ते पाह्यचे. नसली की मंग जिवात जीव याचा. इतकी वर्षं मी हेच केलं. तुमी नाई म्हनान म्हनून मी थांबली नाई. तुमाले सोडून जाचं भ्या वाटे म्हनून थांबली."

मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात आम्ही दोघी एकाच माणसाची जागली करत होतो, आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं.

"आता इथून मले दर शनिवारी येता येनार नाई," ती म्हणाली. "म्हनून तुमी याचं. दरसाल. कापसाची उलंगवाडी झाली की निंघाचं, इथं याचं, माह्या घरी जेवाचं. लेकीच्या घरी जेवत नाई, हे मले सांगू नका. तुमी याचं कबूल करत असान तर मी लग्न करते. नाईतर आता मीच नाई म्हनते."

म्हणजे होकार मागायला आलेली पोरगी उलट बापाकडून होकार घेत होती. आणि तो कशाचा होकार होता, हे आम्हा चौघांनाही कळलं होतं. कोणी तो शब्द उच्चारला नाही.

हे तिच्याकडं पाहत राहिले. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. मग पोराकडं वळून त्यांनी विचारलं, "उलंगवाडीच्या टायमाले समुद्र कसा राह्यते इथं?"

"शांत राह्यते काका. बोटी चालू असतात."

"मंग येतो," ते लेकीला म्हणाले. "दरसाल येतो." आणि पाट ओढून जेवायला बसले.

लग्न त्याच उन्हाळ्यात अकोल्याला झालं. नातेवाईकांनी नावं ठेवली, लेक पाण्यात ढकलली म्हणाले. मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. आणि हे शब्दाला पक्के निघाले. पहिल्या साली गेले, दुसऱ्या साली गेले, लेकीच्या घरी पोटभर जेवून, जावयाबरोबर वाळूवर जागली करून आले. गावातल्या म्हाताऱ्यांनी लेकीच्या अन्नावरून टोमणे मारले, ते यांनी हसून घालवले.

तिसऱ्या साली पावसानं दगा दिला. कपाशी उभी वाळली, बोंडं कवडीएवढी राहिली. गावात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मी पुन्हा धुऱ्यापर्यंत जायला लागले. एके दिवशी दुपारीच हे वावरातून परत आले, वेचणीचा ओटा, कापूस भरायचं कमरेचं फडकं, खुंटीला टांगला आणि म्हणाले, "वेचाले काईच नाई. यंदा उलंगवाडी लवकरच झाली. चाल, दशम्या कर. आपुन महिनाभर आदीच जाऊ."