सहा पानांचा आठवडा

धुळ्याहून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी क्लासमध्ये एका टाइपरायटरची फीत बदलत होतो. हात शाईनं काळे झालेले, म्हणून कार्ड टेबलावरच पडू दिलं. याकोबनानांचं असणार, आज कितवं पान झालं ते कळवणारं. त्यात घाई कसली? हात धुऊन आलो तर अक्षर त्यांच्या मुलीचं. 'नाना मंगळवारी प्रभूमध्ये झोपी गेले.' मंगळवार उलटून चार दिवस झाले होते. तिकडे प्रार्थना झाली, माती झाली, आणि मी इकडे जळगावात पोरांकडून कळा बडवून घेत होतो. मला पहिल्यांदा रडू नाही आलं, रागच आला. हा माणूस कुठलंच काम मला विचारून करायचा नाही...

ऐंशीच्या सुमारास मेहरूणला आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. नाना शाळामास्तर, माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे. त्यांच्या आईची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर ऐकली. बाई पहूरच्या. तरुणपणीच विधवा झालेल्या. गावोगाव पायी फिरून बायांना येशूच्या गोष्टी सांगायच्या आणि अडलेल्या बाईचं बाळंतपणही करायच्या. पार तापी ओलांडून यावलपर्यंत जायच्या. आमचं घराणं यावलकडचं, केळीबागांतलं. माझ्या थोरल्या आत्याला याच बाईंनी सोडवलं, असं आमच्याकडे सांगतात. त्यांनी धर्म कुठला सांगितला ते कुणाला आठवत नाही, गरम पाण्यासाठी सगळ्या घराला कसं पळवलं ते आठवतं. नानांना या आईचं पुस्तक लिहायचं होतं. तिनं रात्रंदिवस सांगितलेलं सगळं एकट्या नानांच्या डोक्यात होतं. भाऊबहीण कुणी उरलं नव्हतं. ते गेले की ती बाईही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी नेम केला. दिवसाला एक पान. आधी प्रार्थना, मग पान, मग चहा. पान नाही तर चहा नाही. आठवड्याची सहा पानं, रविवार देवाचा. आणि पुस्तक पुरं होईपर्यंत लिहिलेलं वाचायचं नाही. नांगर धरला की पुढेच बघायचं, म्हणायचे. मी चेष्टा करायचो, "नाना, लेखकाला स्फूर्ती लागते म्हणतात, तुम्ही तर हजेरीपट भरताय." त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले होते, "प्रभाकर, देव प्रतिभा मागत नाही रे. हजेरी मागतो. तेवढी मला देता येते." तापानं फणफणलेले असताना मी त्यांना अर्धवट उठून बसून पान भरताना पाहिलंय. मार्थावहिनी चहाचं भांडं पुन्हा पुन्हा गरम करत दाराशी उभ्या असायच्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यांच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवापुढे ठेवायचं. वेदीसमोर केळीचे घड, ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या... मीही बघायला जायचो. पहिल्या वर्षी नानांनी त्या भोपळ्यांशेजारी धुतलेल्या रुमालात बांधलेली पानं नेऊन ठेवली. वर्षभराची सगळी. धुळ्याकडच्या एक म्हाताऱ्या अक्का मागून मोठ्यानं म्हणाल्या, "मास्तर, तुम्हना वावरमा हाई काय पिकनं?" मास्तरांच्या शेतात कागद पिकलेले बघून सगळे हसले. नानाही हसले. "जे पेरं तेच पिकनं, अक्का," म्हणाले. उपासनेनंतर भोपळे-कोंबड्यांचा लिलाव झाला. कागदाला कोण बोली लावणार? पाद्रीसाहेबांनी गठ्ठा मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि शब्द दिला, की पुस्तक पुरं झालं की सगळे गठ्ठे छापायला बाहेर काढू.

दुसऱ्या वर्षी मी भांडलो. माझा धंदाच टाइपिंगचा. म्हटलं, मी कार्बन घालून टाइप करून देतो, एक प्रत देवाला, एक घरात. नाना एकदम कडक झाले. "घरात एक ठेवून दिलेलं अर्पण होतं का? तुझ्या घरचे नैवेद्य दाखवताना अर्धं ताटाखाली लपवतात का?" मी म्हटलं, उंदीर आहेत, वाळवी आहे. म्हणाले, "ज्याचं आहे तो बघेल." अशी आठ वर्षं गेली, आठ गठ्ठे कपाटात गेले. त्यातल्या एका वर्षी त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून गठ्ठा सायकलवरून मीच नेला. वाटेत क्लासला थांबलो. उपासनेला दोन तास होते. रुमालाची गाठ समोर, यंत्र समोर. निदान दहा-वीस पानं सहज झाली असती... मी गाठ सोडली नाही. त्यांचा शब्द मोडवेना. आज मला त्या प्रामाणिकपणाची शिसारी येते. माझ्या आयुष्यात चोरी करण्यासारखं एकच ठिकाण आलं आणि तिथं मी सज्जनपणा केला.

निवृत्तीनंतर नाना आणि वहिनी मुलीकडे धुळ्याला गेले. वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरत चालला होता, जवळ कुणीतरी हवं होतं. तिथं वर्षाच्या आतच पुस्तक पुरं झालं. शेवटचा गठ्ठा काखेत धरून नाना एसटीनं जळगावला आले, मला घेऊन चर्चमध्ये गेले. जुने पाद्रीसाहेब बदलून कधीच गेले होते. नव्या, तरुण पाद्रींना गठ्ठ्यांची गोष्टच माहीत नव्हती, पण बिचाऱ्यांनी लगेच किल्ली शोधली. दार उघडलं तेव्हा आत कपाटाला पाठ उरली नव्हती. भिंतीतून वाळवी आली होती. रुमाल होते, रुमालात माती होती. नानांनी एक रुमाल उचलला तसा तो मधोमध फाटला. पाद्री हात जोडून माफी मागायला लागले तर नानाच त्यांना म्हणाले, "तुमचा काही दोष नाही. दिलेलं होतं. दिलेल्याची चौकशी करायची नसते." चेहरा मात्र पांढराफटक. काखेतला शेवटचा गठ्ठा त्यांनी तिथंच ठेवला. मी ओरडलो, "नाना, तो तरी आणा!" ऐकलं नाही. तोही गेलाच असणार, मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

रस्त्यात मी त्यांना वाटेल ते बोललो. वेडे आहात, आईला दुसऱ्यांदा पुरलंत असंही बोललो. ते ऐकून घेत चालत राहिले. बसस्टँडवर म्हणाले, "पुन्हा लिहितो. दिवसाला एक पान. या वेळी वह्यांत लिहीन, वह्या घरीच ठेवीन. झालं तुझं समाधान?" झालं. खरंच झालं. साठी उलटलेला माणूस नऊ वर्षांचं काम पहिल्यापासून धरतो म्हणतो आणि मला त्यात शहाणपण दिसलं! पुढं आठवड्याला एक कार्ड येऊ लागलं. 'बाविसावं पान झालं.' 'एकशे चाळिसावं पान झालं. आई वाटेवर आहे.' मी उलट टपाली कळवायचो, शाब्बास नाना, खाडा करू नका. दोनदा धुळ्याला जाऊन आलो. मला त्यांनी एकाच दुपारी तीनदा विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, वय झालं, प्रेमळ झालेत. मुलगी दवाखान्यात नर्स, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. वहिनींना दिसत नाही. वह्या उघडून कोण बघणार? शिवाय नेमच होता, पुरं होईपर्यंत वाचायचं नाही.

कार्ड मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, वह्या मोजून घ्या. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. शेवटच्या सोमवारीसुद्धा पान झाल्यावरच चहा घेतला." सात वह्या होत्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. मी खिडकीशी बसून पहिली उघडली. पहिले दोन-तीन महिने छान होते, अगदी त्यांच्या आवाजातले. पहूरचं घर, विधवा झालेली आई, पहिल्यांदा एकटीनं बाहेर पडायचं ठरवते ती सकाळ. सत्तराव्या पानावर ती पिशवीत भाकरी बांधते आणि उंबरा ओलांडते. एकाहत्तराव्या पानावर ती पिशवीत भाकरी बांधते आणि उंबरा ओलांडते. बहात्तराव्यावरही. मला वाटलं, कच्चं-पक्कं लिहिलं असेल. मी पानं उलटत गेलो, मग वह्या उलटत गेलो. कोपऱ्यात आकडा रोज एकानं वाढलेला, तारीख बरोबर, अक्षर हळूहळू मोठं आणि वाकडं होत गेलेलं. आणि मजकूर तोच, त्याच शब्दांत, उंबऱ्याशी थांबलेला. सातशेच्या वर पानं. ती बाई पहूरच्या बाहेर पडलीच नाही. तापी नाही, यावल नाही, माझी आत्या नाही. आणि मी दर आठवड्याला शाब्बास लिहीत होतो.

वहिनींनी विचारलं, "वाचताय ना?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, जरा संकोचानं, "शेवट कसा केलाय हो त्यांनी?"

मी म्हणालो, "चांगला केलाय वहिनी. सासूबाई यावलला पोचतात. तिथं एक पोरगी अडलेली असते, तिला सोडवतात. लोक खूप माया करतात." वहिनी रडल्या, पण समाधानानं. मग म्हणाल्या, पुस्तक निघालं की एक प्रत माझ्या हातात द्या, दिसत नसलं तरी हात फिरवीन. मी कबूल केलंय.

वहिनींना वर्तमानपत्रातला लेख आता कुणीतरी वाचून दाखवावा लागतो, म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं. वाचून दाखवणाऱ्यानं मी पहिली वही उघडली तिथंच थांबावं आणि पुढचं, मी वहिनींना जे सांगितलं तेवढंच सांगावं, ही विनंती.