प्रियांकाच्या हातची खिचडी

प्रियांका आमच्या संस्थेत नऊ वर्षं होती आणि त्या नऊ वर्षांत तिनं पूरग्रस्तांच्या खिचडीला एकदाही हात लावला नाही. लावला नाही म्हणजे आम्ही लावू दिला नाही. आजवर हे मी गोलमोल करून सांगत आलेय, म्हणून आधी सरळ लिहिते.

आमचं ऑफिस कोलशेतला. कल्याणच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं की ऑफिसमागच्या शेडमध्ये मोठी पातेली चढायची. मी तांदूळ-डाळ बघायची. प्रियांकाच्या वाट्याला कायम चिखल: घरोघरी जाऊन याद्या करायच्या, चटया वाटायच्या, ब्लीचिंग पावडर टाकायची. पहिल्या वर्षी तिनं कारण विचारलं, तेव्हा आमच्या प्रमुख हेमांगीताई गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, आपण काही मानत नाही. पण वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कळलं तर अन्न परत येईल. उपाशी राहतील बिचारे."

प्रियांका बौद्ध, एवढंच ते कळण्यासारखं. लहानपणी तिचंही घर पाण्यात गेलं होतं आणि तेव्हा कुणीतरी हातावर ठेवलेली गरम खिचडी ती विसरली नव्हती. कुणी उपाशी राहू नये म्हणून ती गप्प बसली. मी का गप्प बसले, त्याला काहीच कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विमलाबाई तिला म्हणाल्या, "रोज येतेस बये, एकदा तुझ्या हातचं काहीतरी आण की." गळ्यात तुळशीची माळ असलेली सत्तरीची बाई. प्रियांकानं आधी आपली जात सांगितली आणि मग डबा उघडला. विमलाबाईंनी दोन भाकऱ्या पिठल्याशी खाल्ल्या, तिसरी नातवाला ठेवली.

त्या संध्याकाळी प्रियांका माझ्या टेबलाशी आली. "वासंतीताई, अन्न परत पाठवणार होतं कोण?"

मी याद्या चाळत राहिले.

त्यानंतर तिची तब्येत बिघडत गेली. शेडजवळ आली की छातीत धडधडायचं. डब्यातला घास उतरायचा नाही. दोनदा तर ऑफिसच्या वाटेवर माजिवड्यापर्यंत येऊन तिथूनच घरी परत गेली.

दिवाळीनंतर हेमांगीताईंनी कार्यकर्त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी शिबिर ठेवलं. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. ताणाची कारणं छापलेली होती: मृत्यू पाहणं, अपुरी झोप, कामाचा बोजा. शेवटी 'इतर'. एका फॉर्मवर त्यापुढे लिहिलं होतं, 'मला पुराची भीती वाटत नाही. आपल्या शेडची वाटते.'

हेमांगीताईंनी ते मोठ्यानं वाचलं. "हे कुणी लिहिलंय?" म्हणत फॉर्म माझ्यापुढे धरला. नऊ वर्षं त्या अक्षरातल्या याद्या मी वाचल्या होत्या. विचार न करता मी बोलून गेले, "हे प्रियांकाचं अक्षर."

"प्रियांका, इथं आपण घरच्यासारखे राहतो," हेमांगीताई म्हणाल्या. "उगाच जात मध्ये आणू नकोस."

फॉर्मवर जातीचा शब्दही नव्हता. सोमवारी तिचा राजीनामा आला.

महिन्याभरानं मी कल्याणला तिच्या घरी गेले. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिच्या आईनं, भीमाबाईंनी, माझ्यापुढे चहा ठेवला.

"दिवसभर पडून असते ओ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता घरात पण पिठाला हात लावत नाही. म्हणते, आई, तूच मळ, माझा हात नको. असं कुठं असतं का? तुम्ही सोबत होता ना तिच्या? काय झालं तिकडे?"

नको तिथे माझी जीभ चालली होती. इथं तरी चालायला हवी होती. मी सगळं सांगितलं. हेमांगीताईंचं, शेडचं, फॉर्मचं आणि माझं.

माझं बोलून झाल्यावर भीमाबाई उठल्या, माझा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि आत घेऊन गेल्या.